वीतभर खाली

माइकच्या दांड्याचा स्क्रू हलेना. शर्टाचं टोक बोटांभोवती गुंडाळून तिने तो पुन्हा पिरगाळला. इतकी वर्षं एकाच उंचीवर राहून तो तिथे जणू मुरलाच होता.

"राहू दे ना," मागून गिटारवाला म्हणाला. बँडमध्ये त्याला सगळे दादा म्हणत. "तो आम्ही कधी हलवला नाही."

"मग काय टाचा वर करून गाऊ?"

स्क्रू कुरकुरला आणि सुटला. दांडा वीतभर खाली आला. वर मोकळ्या झालेल्या जागेकडे दादा असा पाहत राहिला, जणू तिथे कुणाचा चेहरा होता. होताच म्हणा. तीस वर्षं तिथे वाघ गायला होता. त्याचं खरं नाव आता लोकांच्याही लक्षात नव्हतं. गळ्याच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला, तेव्हापासून तो घरी बसून होता. आजच्या कार्यक्रमात त्याच्या जागी तिने निभावलं तर बँड राहणार होता, नाहीतर वाद्यं पेटीत जाणार होती. ड्रमवाल्याने तर आपल्या ड्रमना गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

दादाची अट एकच होती. शेवटचं गाणं जसंच्या तसं व्हायला हवं. त्यातली 'रस्ता संपला तरी मी' ही ओळ आली की वाघ थांबायचा. ड्रमवाला दोन्ही काठ्या वर धरायचा, गिटार गप्प व्हायची, आणि हजारभर माणसं श्वास रोखून उभी राहायची. मग वाघ गर्जायचा, 'थांबत नाही!' आणि छप्पर उडायचं बाकी राहायचं. त्या शांततेच्या कहाण्या झाल्या होत्या. कुणी म्हणे ती दुरावलेल्या प्रेयसीसाठी, कुणी म्हणे गेलेल्या भावासाठी.

तालमीत ती दर वेळी तिथून सरळ पुढे जायची. मुद्दाम नव्हे. तिच्या बाळाचा तो कायदा होता. वडिलांच्या कॅसेटमुळे लहानपणापासून पाठ असलेलं हे गाणं ती बाळाला झोपवताना हळू आवाजात म्हणायची, आणि मध्ये श्वासाला थांबलं की त्याचे डोळे टक्क उघडायचे. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती शब्दांच्या आडोशाने श्वास चोरायला शिकली, सूर न तोडता. सासूबाईंनी मूळ कॅसेट ऐकली तेव्हा त्यांना हसू आवरेना. थांबत नाही म्हणतोय आणि थांबतोय, यापेक्षा आमची सून बरी, असं त्यांनी शेजारणीलाही सांगून टाकलं होतं.

दादा मात्र हसला नव्हता. "घरी काय करायचं ते कर. इथे थांबायचं. त्याच्यासाठी."

तिने मान खाली घातली होती. हो म्हटलं नव्हतं.

पडदा सरकला. पुढच्या रांगांत छातीवर वाघाचा चेहरा छापलेले टी-शर्ट घालून पोक्त माणसं बसली होती. तिला पाहून टाळ्या आल्या, पण पाहुण्याला पाणी विचारावं तेवढ्याच. पहिल्या गाण्यानंतर वाघाच्या नावाचा पुकारा झाला. दुसऱ्यानंतर शिट्ट्या. तिसरं सुरू होणार तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, घरी पोर रडतंय!"

हशा उसळला. दादाने मान वळवून ठरलेलं गाणं सुरू करायची खूण केली. तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि माइक जवळ ओढला.

"पोर आतल्या खोलीत आहे, आजीच्या मांडीवर," ती म्हणाली. "ते झोपलंय. रडताय तुम्ही."

या वेळचा हशा तिच्या बाजूने होता. सगळ्यांचा नाही, पण पुरेसा. तिथून पुढे ती मागे हटली नाही. वाघ जिथे गुरगुरायचा तिथे ती सरळ सूर लावत होती, तो जिथे ओरडायचा तिथे आवाज खाली आणत होती, आणि ज्यांना ते पटत नव्हतं त्यांच्याकडे नेमकं बघून गात होती.

शेवटचं गाणं आलं. सभागृह आपोआप उठून उभं राहिलं.

'रस्ता संपला तरी मी...'

काठ्या वर गेल्या. गिटार गप्प झाली. हजार माणसांनी श्वास रोखला.

तिचा सूर मात्र चालूच राहिला.

खाली ना ड्रम, ना गिटार. तेवढा एकटा आवाज त्या रिकाम्या जागेवरून पलीकडे निघाला होता. 'मी' लांबत गेला, किंचित थरथरला, सावरला. दादाचा हात तारांवर तसाच राहिला. पुढच्या रांगेतल्या एका टी-शर्टवाल्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ती गर्जली नाही. घरी म्हणायची तसंच म्हणाली, 'थांबत नाही.'

काठ्या खाली आल्या त्या किंचित उशिराच. त्यानंतर मात्र टाळ्यांपुढे कुणाला काही ऐकू येईना.

पडद्यामागे दादा बराच वेळ गिटारचा पट्टा सोडवत राहिला. तो केव्हाच सुटला होता.

"पहिल्याच कार्यक्रमात त्याचा दम संपला होता तिथे," तो शेवटी म्हणाला. "लहानपणापासूनचा दमा. आम्ही वाजवायचं थांबून झाकून घेतलं. लोकांना ते आवडलं. मग दर वेळी झाकत राहिलो."

त्याने पट्टा गुंडाळून पेटीत टाकला.

"उद्या काय करायचं? वाजवत राहायचं का आम्ही?"

तिने विचार केला. घाम पुसला.

"नको. तुम्ही थांबत जा, त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मी नाही थांबणार."

दादाने मान डोलावली. माइकचा दांडा उचलून पेटीत ठेवताना त्याने स्क्रू आणखी थोडा आवळला, होता त्याच उंचीवर.

आतल्या खोलीत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवरच्या बाळाच्या कानांवर लोकरीची टोपी पार खाली ओढलेली होती. तिला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"ते सगळं बंद पडलं ना मध्येच," त्या कुजबुजल्या, "तेव्हा चुळबुळला. डोळे उघडणारच होता."

"मग?"

"मग काय," सासूबाई टोपी सारखी करत म्हणाल्या, "तुझा आवाज आला."