उगवतीचा वारा

जुन्या लोकांनी गाव बसवताना वाऱ्याचासुद्धा विटाळ मानला. वारा बहुतेक मावळतीकडून येतो, म्हणून गावठाण मावळतीला आणि महारवाडा उगवतीला. गावावरून गेलेला वारा त्यांनी घ्यावा, त्यांच्या अंगावरचा गावाला लागू नये! शिरूर-दौंड रस्त्यावरच्या या गावात पुढं दोन्हींच्या मधोमध दूध थंड करायची डेअरी आली. तिच्या यंत्रांत अमोनिया, विषारी वायू. तो सुटला तर महारवाड्याच्या वस्तीवरच जाणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दोन हजार तीन साली तहसील कचेरी आणि डेअरी कंपनीनं मिळून गाव तयार करायचं मनावर घेतलं. भोंगा बसला. डेअरीच्या छपरावर वारा दाखवणारी लाल-पांढरी कापडी नळी चढली. बाया तिला 'साहेबाचा पायजमा' म्हणायला लागल्या. बालवाडीला गाठी मारलेला दोर मिळाला. भोंगा झाला की प्रत्येक पोरानं एक गाठ धरायची, सोडायची नाही. वस्तीतली गौतमी बारावी झालेली, म्हणून तिला बचाव पथकात घेऊन माणसांना वाट दाखवायला लाल झेंडा दिला.

श्रावणात तालीम झाली. सगळ्यांनी मारुतीच्या देवळात जमायचं, असं साहेबांनी सांगितलं. गाव आत बसलं. वस्ती पायऱ्यांशी थांबली.

"आत या की," कंपनीचे साहेब ओरडले.

देवळाचे पंच सोपानआप्पा हसले. "ऱ्हाऊ द्या साहेब. त्यांना भाईरच हवा लागती."

"लागतीच की," गौतमीची सासू विठाबाई म्हणाली. "आन् देऊळ आमीच सोडलंय आप्पा, आमचा बुद्धाचा इहार हाय. तुमी कशाला जीव जाळता?"

साहेबांनी फोटो काढले. भुरभुर पावसात भिजणारी वस्ती त्यांत आली नाही. तालीम छान झाली म्हणून पेढे वाटले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी खरा भोंगा वाजला.

गौतमी भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं. पायजम्याचा पाय गावठाणाकडं ताणलेला. थंडीचा वारा, उगवतीकडून सुटलेला. वस्तीला काही होणार नव्हतं. गॅस निघाला होता देवळाकडं, आणि देवळाला लागून असलेल्या बालवाडीत तिची माया होती. चार वर्षांची.

"आत्याबाई, इहारात पाणी भरा! जेवढं व्हईल तेवढं," ती सासूला ओरडली. ओला टॉवेल तोंडाला बांधला, झेंडा उचलला आणि डेअरी टाळून ओढ्याच्या कडेनं पळत सुटली.

देवळाशी झुंबड उडालेली. श्रावणात शिकवलं होतं तेच गाव इमानानं करत होतं. आप्पा दारात उभे राहून हात हलवत होते, "आत चला, आत! साहेबांनी हितंच सांगितलंय!" बालवाडीच्या चांगुणाबाई पोरांचा दोर ओढत पायऱ्या चढत होत्या. शेवटच्या गाठीला माया.

"आप्पा, कुणाला आत घेऊ नका! गॅस हिकडंच येतोय!"

"तू आमाला शिकवती व्हय? तालीम हितंच झाली न्हवं?"

"तवा वारा मावळतीचा व्हता! पायजमा बघा!"

बोलता बोलता तिचा हात मायाच्या मनगटावर गेला होता. एक हिसका दिला असता की पोर कडेवर. बाकीच्यांनी बसावं आपल्या देवळात! श्रावणातला पाऊस अजून तिच्या अंगावरून वाळला नव्हता. पण दोरावरची सगळी पोरं तिच्याकडंच बघत होती. तिनं हात काढला.

"गाठ सोडू नको," ती मायाला म्हणाली आणि झेंडा वर केला.

आप्पांनी मान वळवली. पायजमा त्यांच्याकडंच रोखलेला. डेअरीच्या भिंतीवरून पांढरा लोट घरंगळत खाली उतरत होता. कुणीतरी खोकलं. आप्पा धावत गाभाऱ्यापुढं गेले, घंटा बडवायला लागले आणि जन्मात तोंडातून न निघालेला शब्द ओरडले, "इहारात चला! वस्तीतल्या इहारात!"

आल्या वाटेनंच पुढं होत ओढ्याच्या दरडीवर चढून गौतमीनं मागं पाहिलं. अख्खं गाव येत होतं. ओले पदर, ओली उपरणी तोंडाला. शेजारी राहणाऱ्या लालमहंमदच्या पाठीवर पाटलांची म्हातारी. मधून पोरांचा दोर, एकही गाठ मोकळी नाही. तिच्या पोटात वर्षानुवर्षं साठलेल्या शिव्या होत्या, आज द्यायला हक्काची माणसं समोरून येत होती, आणि ती झेंडा हलवून त्यांना वाट दाखवत होती.

विहारात विठाबाईनं हंडे, कळश्या, बादल्या भरून मांडल्या होत्या. आप्पा पायरीशी थांबले. डोळे लालभडक, नाक गळतंय.

"काय आप्पा? भाईरच हवा लागती का?" विठाबाईनं विचारलं.

वाकून आप्पांनी ओंजळ पुढं केली. ती तशी धरायला विठाबाईच्या आईला, आजीला गावाच्या विहिरीवर शिकवलं होतं. आप्पांना कुणी शिकवलं, कोण जाणे. विठाबाईनं वरून पाणी ओतलं नाही. तांब्या त्यांच्या हातात दिला.

"डोळं धुवा. आन् आत सरका, मागं लई माणसं हायेत."

माया भिंतीशी बसली होती, मुठीत गाठ.

"आई, आता सोडू?"

गौतमीनं दारातून बाहेर पाहिलं. पायजमा अजून तसाच ताणलेला होता. वस्तीच्या छपरांवरून आलेला वारा दारातून आत शिरत होता आणि सगळं गाव तो ऊर भरभरून घेत होतं.

"थांब जरा," ती म्हणाली आणि खाली बसून तिनंही तीच गाठ धरली.