लिंबू-मिठानं घासलेलं नाणं

मी एक जुनं तांब्याचं नाणं आहे आणि माझ्या बरोबर मधोमध आरपार भोक आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा. टांकसाळीतून बाहेर पडल्या दिवसापासून मी हसणारे पाहत आलो आहे. तांबं वाचावं म्हणून आम्हा भावंडांना असं भोक पाडलं, असं म्हणतात. त्यानं माझं काही अडलं नाही. उलट एका मुलीनं मला दोऱ्यात ओवून माझी भिंगरी केली, आणि त्या आठवड्यात मी जेवढा गरागरा फिरलो तेवढा पुढे बाजारातही फिरलो नाही.

बाजारात मी पुष्कळ वर्षं काढली. पिठाच्या हातांतून, शाईच्या बोटांतून, फाटक्या खिशांतून गेलो. नवा होतो तेव्हा असा झगझगीत लाल होतो की दुकानदार मला दोनदा उलटून पाहत. मग माणसांच्या घामानं आणि गल्ल्यातल्या काळोखानं तो रंग हळूहळू उतरला आणि मी तपकिरी झालो. मला वाटलं, आपण म्हातारे झालो. पुढे नवी नाणी आली, माझं चलन बंद झालं आणि एका टेबलाच्या खणात मी मोडक्या पेन्सिलींच्या शेजारी पडून राहिलो. किती वर्षं, ते विचारू नका.

एकदा कोणीतरी घाईघाईत तो खण चाचपून सुटे उचलले आणि बसच्या कंडक्टरच्या हातावर ठेवले. त्यांत मी होतो. संध्याकाळी पिशवी रिकामी करताना कंडक्टरना मी दिसलो. त्यांनी आपल्या खिशातलं नाणं पिशवीत टाकलं आणि मला घरी नेलं.

"हे कशाला आणलंत? हे तर आता कोणी घेत नाही," त्यांची बायको म्हणाली.

"म्हणून तर आणलं. बिचारं चुकून बसमध्ये चढलं," ते म्हणाले.

अशी त्यांच्या छंदाला सुरुवात झाली. कापूस घातलेल्या काड्यापेटीत मला जागा मिळाली. मग दुसरी नाणी आली, वही आली, वहीत नाण्यांसाठी छोटे छोटे कप्पे आले. कंडक्टरांच्या मनात एकच गोष्ट होती: चौतीस वर्षं नोकरी झाली, तर त्यातल्या प्रत्येक वर्षाचं एक नाणं हवं. निवृत्तीनंतर त्यांनी ती ओळ लावायला घेतली. तेहतीस कप्पे भरले. रिकामा राहिला तो नेमका पहिला. त्या वर्षी नाणी थोडीच पाडली होती. ते नोकरीला लागले ते वर्ष, आणि त्यांचं लग्न झालं तेही तेच वर्ष. "एखादं तरी माझ्याच हातून सुटं म्हणून गेलं असेल," असं म्हणून ते हळहळत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत नाणी जमवणारे दहा-बारा जण जमत. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं असे. नाण्याच्या बदल्यात नाणंच द्यायचं, आणि ज्याच्या तोंडून किंमत निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा नियम होता. नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. दोघांनी आपापलं नाणं कापडावर ठेवायचं, एकमेकांचं पाहायचं आणि पसंत पडलं तर स्वतःचं नाणं उलटं करायचं. दोन्ही उलटी झाली की अदलाबदल पक्की. मोठी मोठी माणसं तिथं लहान मुलांसारखी रुसत आणि पुढच्या महिन्यात सगळं विसरून येत. मला ती खोली फार आवडायची.

तिथंच घड्याळं दुरुस्त करणारे काका येत. डोळ्याला भिंग लावून ते नाण्यात अशी खोट शोधत की नाण्यालाच आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. कमी-जास्तीची अदलाबदल त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी मला पाहिलं मात्र, आणि ते एकदम मऊ झाले. "हा रंग बघा. असा सारखा, असा गडद. हा माणसाला करता येत नाही, वर्षांनाच येतो." माझी तर छाती फुगली. ज्याला मी इतकी वर्षं म्हातारपण समजत होतो, तेच माझं देखणेपण निघालं!

आणि कंडक्टरांना हवं होतं त्या पहिल्या वर्षाचं नाणं घड्याळवाल्या काकांकडे होतं.

दोन वर्षं काका मला मागत होते आणि कंडक्टर नाही म्हणत होते. मी त्यांचं पहिलं नाणं होतो ना! शेवटी एका रविवारी वहीतल्या त्या रिकाम्या कप्प्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "पुढच्या वेळी आणतो." मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. आपल्या बदल्यात कोणाची ओळ पुरी होत असेल तर जावं माणसानं. म्हणजे, नाण्यानं.

तो रविवार उजाडला. कंडक्टर फिरायला गेले होते. त्यांच्या बायकोनं त्यांच्यासाठी विणलेला निळा स्वेटर खुर्चीवर काढून ठेवला आणि मग माझी काड्यापेटी उघडली.

"अगंबाई! असलं काळंकुट्ट घेऊन जाणार चारचौघांत?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "या माणसाला स्वतःचे बूट पुसायचं सुचत नाही, नाणं कुठलं पुसणार!"

मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण मला तोंडं दोन असून आवाज एकही नाही. त्यांनी अर्धं लिंबू कापलं, त्यावर मीठ घेतलं आणि मला घासायला लागल्या. इतक्या मायेनं आजवर मला कोणी हातात घेतलं नव्हतं, आणि इतकं नुकसानही कोणी केलं नव्हतं. मला धुऊन त्यांनी निळ्या लोकरीच्या उरलेल्या गुंड्यानं कोरडं केलं, पुन्हा कापसात ठेवलं आणि समाधानानं पेटी मिटली. माझा एवढ्या वर्षांचा तपकिरी रंग मोरीतून वाहून गेला.

कंडक्टर घाईत आले, नवा स्वेटर घालून, पेटी खिशात टाकून तसेच निघाले. पेटी उघडली ती थेट हिरव्या कापडावर. मी बाहेर पडलो तो नव्या पातेल्यासारखा चकाकत.

सगळे टेबलावर वाकले. तिथं नेहमी येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. कंडक्टरांनी मला कडेनं उचललं. माझ्या अंगाला अजून लिंबाचा वास होता. त्यांचा चेहरा पडला. वहीतला पहिला कप्पा आता जन्मभर रिकामा राहणार, हे त्यांना कळलं आणि मलाही.

"हे कोणी केलं?" काकांचा आवाज चढला. "कोणी घासलं हे?"

कंडक्टरांनी क्षणभर खाली पाहिलं. मग म्हणाले, "मीच घासलं. म्हटलं, जरा बरं दिसेल."

"तुम्ही? दहा वर्षं इथं बसताय तुम्ही!"

"चुकलं माझं."

काकांनी रागारागानं भिंग डोळ्याला लावलं. पहिली बाजू पाहिली, दुसरी पाहिली. माझ्या भोकाच्या कडेला एक बारीक खाच आहे. त्या खाचेत निळ्या लोकरीचा एक तंतू अडकला होता. काकांनी तो चिमट्यानं अलगद काढला, उजेडात धरला. मग भिंगावरून कंडक्टरांच्या अंगावरच्या कोऱ्या, घरी विणलेल्या निळ्या स्वेटरकडे पाहिलं. मग पुन्हा तंतूकडे. घासणारा हात कोणाचा, हे त्यांना समजलं. तंतू त्यांनी आपल्या खिशात टाकला.

आणि आपल्या पाकिटातून पहिल्या वर्षाचं नाणं काढून त्यांनी ते कापडावर ठेवलं आणि लगेच उलटं केलं.

"काका, ही बरोबरीची अदलाबदल नाही," कंडक्टर चाचरत म्हणाले.

"ते मी ठरवीन. भिंग माझ्याकडे आहे," काका म्हणाले. "उलटं करा तुमचं."

कंडक्टरांनी मला उलटं केलं. माझा एवढ्या वर्षांचा रंग गेला तो गेला, पण त्या दिवशी मला जी किंमत आली ती अजून उतरलेली नाही. (आता चहा मी पाजायला हवा, नाही का?)

आता मी काकांच्या दुकानात, काउंटरच्या काचेखाली असतो. त्यांच्या सुंदर नाण्यांच्या वहीत मला जागा नाही, पण गिऱ्हाइकं दिसतात, चाळीस घड्याळांची टिकटिक ऐकू येते, मजेत आहे. हळूहळू पुन्हा काळवंडायलाही लागलो आहे.

मध्यंतरी कंडक्टरांची बायको घड्याळ घेऊन दुकानात आली. काचेखाली मला पाहून त्या हरखल्या. "हे आमचंच ना? अहो, पण काळं पडायला लागलं की! द्या इकडे, घासून देते."

काका ताडकन उठले आणि दोन्ही हात काचेवर ठेवून उभे राहिले. "नको वहिनी! नको, नको."

वहिनी दचकल्या. काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घासायचं नसतं का?"

काका काचेवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. त्यांना खोटं बोलायला जमत नाही.

"आणि यांनी घरी येऊन काय सांगावं मला? तर सगळे बघतच राहिले म्हणून!" वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला आणि त्यातच त्या हसल्या. "मला कळलंय हे त्यांना सांगू नका हं. इतके खूश असतात ती वही उघडून बसले की."

चार दिवसांनी दुरुस्त घड्याळ न्यायला कंडक्टर आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, "ही काही म्हणाली का?"

"घड्याळ पाच मिनिटं मागे पडतंय म्हणाल्या," काका म्हणाले.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनं नाणं सापडलं तर त्याला कडेनं धरा, कोरड्या जागी ठेवा आणि कृपा करून घासू नका. आणि तुमच्या माणसानं प्रेमापोटी घासलंच, तर चारचौघांत मान खाली घालून सांगा, मीच घासलं.