एका क्लॅम्पचं जर्मन

घाटनांदूरच्या शहादेवची लेक राजश्री 'जर्मनचे कागद करते', एवढंच गावाला ठाऊक होतं. पुण्यात सहा वर्षं ती भाषा शिकून ती परत आली आणि मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली. कंपन्या इंग्रजीतली माहितीपुस्तकं पाठवायच्या, राजश्री ती जर्मनमध्ये उतरवायची. शहादेवचा धंदा बोअरमधल्या मोटारी काढायचा, तीस वर्षांचा. लेक नेमकं काय करते हे त्यानं कधी खोदून विचारलं नव्हतं. बाप काय करतो ते आपल्याला माहीतच आहे, असं लेकही धरून चालली होती.

त्या आठवड्यात तिच्याकडं बोअरमध्ये सोडायच्या पंपाचं पुस्तक आलं. ते लिहिणाऱ्याला एकच क्रियापद येत असावं: रिमूव्ह. झाकण रिमूव्ह करा, हवा रिमूव्ह करा, गंज रिमूव्ह करा. जर्मनला असलं चालत नाही. वरचं झाकण उचलून घ्यायचं तर आबनेमेन. आटे फिरवून सोडवायचं तर आबश्राउबेन. ओढून बाहेर घ्यायचं तर हेराउसत्सीएन. आत बसवलेला भाग उतरवायचा तर आउसबाउएन. हवेला आणि गंजाला आणखी निराळे. राजश्रीनं एकेचाळीस पानं सरसर उतरवली आणि ती एका वाक्यापाशी येऊन थांबली: 'क्लॅम्प रिमूव्ह करा आणि पाईप रिमूव्ह करा.'

रात गेली, वाक्य तिथंच. सकाळी चहाला बसल्यावर तिनं बापालाच विचारलं.

"दादा, बोअरवर क्लॅम्प काढतेत म्हंजे काय करतेत? ढिला करतेत का पार बाजूला घेतेत?"

शहादेवनं कप खाली ठेवला. "कुठला क्लॅम्प?"

"ह्यात एकच लिहिलाय."

"एक न्हाई राहत, माय. दोन राहतेत. कावून इचारायलीस?"

तिनं कारण सांगितलं. शहादेवनं उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "तोंडानं सांगून न्हाई कळायचं. धारूरच्या रस्त्याला वच्छलाबाईची मोटार काढायचीय. चल."

टेम्पोत मागं पाईप उचलायची लोखंडी घोडी, साखळीची कप्पी, पाने. पुढं शहादेव, त्याचा जोडीदार हरिबा आणि मधे वही घेऊन राजश्री. लहानपणी तिनं ही घोडी अंगणात आडवी पडलेली हजारदा पाहिली होती. तिच्यावर धुणं वाळत असायचं. रानात तिचे तीन पाय बोअरभोवती रोवून ती उभी राहिली, तेव्हा ती किती उंच आहे हे राजश्रीला पहिल्यांदा कळलं.

बोअर चारशे ऐंशी फूट. वीस फुटी चोवीस पाईप, एकाला एक जोडलेले, आणि सगळ्यांच्या टोकाला मोटार.

पहिल्या पाईपाच्या डोक्याशी शहादेवनं एक क्लॅम्प, म्हणजे नटांनी आवळायच्या दोन लोखंडी पट्ट्या, बसवून त्याला साखळी अडकवली. हरिबा साखळी ओढू लागला तसा पहिला पाईप करकरत वर आला. त्याच्या खालचा जोड दिसला मात्र, शहादेवनं हात वर केला. जोडाच्या खाली दुसरा क्लॅम्प आवळला. मग सगळा भार हळूच खाली सोडून तो क्लॅम्प बोअरच्या तोंडावर टेकवला. साखळी सैल पडली.

"आता बघ. खालचं चारशे साठ फूट ह्या दोन पट्ट्यांवर उभं हाय," शहादेव म्हणाला. "आता वरचा पाईप आटे फिरवून सोडवायचा. वरचा क्लॅम्प वरच्या पाईपासंगं निघतो. खालच्याला हात न्हाई लावायचा."

राजश्रीनं वही उघडली. वरचा पाईप, आबश्राउबेन. वरचा क्लॅम्प, आबनेमेन. आणि मग तिला ते वाक्य आठवलं. 'क्लॅम्प रिमूव्ह करा आणि पाईप रिमूव्ह करा.' तिनं ते मराठीत करून मोठ्यानं वाचलं.

हरिबाच्या हातातली साखळी थांबली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. ती का, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

"केजकडं झालतं," हरिबा म्हणाला. "एक जण नवा होता. त्याला म्हणलं, क्लॅम्प काढ. त्यानं खालचा सोडला. नट अर्धा फिरला आन् तीनशे फूट लोखंड गेलं की खाली, ही बोटं घेऊन. लई येळ आवाज येत ऱ्हायला, ताई. आमी नुसते ऐकत उभे. ते अजून तिथंच हाय."

एका शब्दावर इतकं लोखंड टांगलेलं असतं, हे राजश्रीला सहा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर तिनं लिहिणं सोडलं आणि ती नुसती पाहत बसली. बाप दर वेळी पाईपावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "घासतंय. थांब." किंवा, "मोकळं हाय. ओढ." चारशे फुटांखालचं त्याच्या तळव्याला कळत होतं. तिला दर वेळी वाटायचं, आता तरी चुकेल. तो चुकला नाही.

ऊन कललं तेव्हा चोविसावा पाईप आला आणि त्याच्यामागून मोटार. अकरा वर्षं उजेड न पाहिलेली, थंडगार, चकाकती, पाणी निथळणारी. वच्छलाबाई पुढं झाल्या, ते पाणी बोटावर घेऊन त्यांनी डोळ्यांना लावलं. राजश्रीनंही तळवा टेकवला. कलत्या उन्हातही त्या लोखंडाचा गारवा तिच्या कोपरापर्यंत चढला.

घरी आल्याबरोबर तिनं कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. वाक्य वाचून दाखवलं, कोणता क्लॅम्प ते विचारलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम, हे वाक्य आम्ही आठ वर्षं छापतोय," तो अखेर म्हणाला. "तुम्हाला हे कुणी दाखवलं?"

"शहादेव नामदेव गायकवाड," ती म्हणाली. "मोटारी काढतात. माझे वडील."

एका वाक्याची पाच वाक्यं झाली. इंग्रजीतही दुरुस्ती झाली. दोन महिन्यांनी छापील जर्मन पुस्तक टपालानं आलं, तेव्हा शहादेवनं हात धुतले, पुसले आणि मगच ते हातात घेतलं.

"वाच की ते. आपलं."

तिनं वाचलं. त्यानं मान खाली घालून, पाईपावर तळवा ठेवल्यासारखं ऐकलं. एक अक्षरही त्याला कळलं नाही.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"ह्यात 'आधी' कुठं हाय?" त्यानं विचारलं. "आधी भार खालच्यावर टेकवायचा, मग वरचा. ते 'आधी' पायजे."

राजश्रीनं त्याचं बोट धरून एका शब्दावर ठेवलं. "हे. त्सुएर्स्ट."

त्यानं बोट तिथंच ठेवलं, शब्द दोनदा पुटपुटला. मग म्हणाला, "बरं हाय. हे ऱ्हायलं म्हंजे झालं."