मदिनाबीची गावं

रहिमतपूरच्या मदिनाबीची पाच गावं होती. म्हणजे बांगड्या भरायची. सासूनं ती तिच्या हवाली केली तेव्हा ती विशीत होती. आता पन्नाशी उलटली होती. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन निघायचं, दारोदार बसून बांगड्या भरायच्या आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. चुडा भरून झाला की म्हाताऱ्या बायकासुद्धा तिच्या पायाला हात लावायच्या. रीतच होती तशी.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत उजवा गुडघा धरला. मग डावा. बांगड्या भरायला पाय मुडपून बसावं लागतं, गिऱ्हाइकाचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यावा लागतो. बसणं कसंबसं जमायचं, उठणं जमेना. बायका दोन्हीकडून धरून उठवायच्या.

बिबा झाला, एरंडाची पानं झाली, एका म्हाताऱ्यानं सळई तापवून डागही दिला. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले.

"हाडं झिजलीत, मावशी. हे बरं व्हायचं दुखणं नाही. सुई घ्या, चार दिवस सुखाचे जातील."

सुईला पाच रुपये. एका दिवसाच्या फेरीत तिला तेवढेच सुटत. सुई टोचली की पाय मोकळा व्हायचा, आणि तेवढ्यात ते पैसे भरून काढायला ती लांबचं तारगावही करून यायची. पाचव्या दिवशी गुडघा नारळाएवढा.

"आठवड्यातला एक दिस तू सुईसाठीच चालतीयास," नवरा इलाही एकदा म्हणाला. तो शिंपीकाम करायचा, मशीनवरून मान वर न करता बोलायचा.

"मग घरात बसू?"

मशीन चालू झालं.

सुई परवडेना म्हणून तिनं दुकानातून पिवळ्या गोळ्या आणल्या. आधी दिवसाला एक, मग तीन, त्याही कोऱ्या चहावर. दुखणं गेलं नाही, पण लांब गेलं. शेजारच्या घरात कुणी भांडत असावं, तसं ऐकू यायचं. त्याबरोबर भूक गेली, तोंडाची चव गेली. नातीच्या बारशाला सगळ्या बायका हसत होत्या आणि ही भिंतीला टेकून कधी उठायचं ते बघत होती.

माघात तारगावच्या हरणाबाईच्या लेकीचं लग्न होतं. मदिनाबी नवरीला हिरवा चुडा भरायला बसली. चार बांगड्या चढवल्या, आणि ती बाजूला वळून ओकली. काळपट तांबडं पडलं. बायकांना वाटलं, पान खाल्लं असेल. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा हरणाबाईनं लग्नाची गडबड बाजूला ठेवून बैलगाडी जुंपायला लावली.

साताऱ्याच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. खाट फुकट होती. रक्ताची एक बाटली इलाहीनं आपली दिली, दुसरी विकत आणली. औषधं बाहेरून आणायची होती. लग्नसराईचा माल भरायला साठवलेले पैसे तिथंच संपले.

घरी सोडताना तिथल्या तरण्या डॉक्टरांनी बजावलं, "या गोळ्यांनी पोटात जखम झालीय. पुन्हा घेतल्या तर जीव जाईल."

"मग गुडघ्याला काय घिऊ?"

डॉक्टरांनी कागद उलटापालटा केला. "मांडी घालून बसू नका. ओझं घेऊ नका. जास्त चालू नका."

मदिनाबीनं मान हलवली. बाहेर आल्यावर इलाही म्हणाला, "ऱ्हायलं काय मग?" तिनं फक्त एसटी कुठं लागते ते विचारलं.

धाकटी जाऊ शमशाद म्हणाली, "मी जाते गावं फिरायला. माल माझा, निम्मी कमाई तुमाला."

"निम्मी नगं. तिसरा हिस्सा दे. पाय तुझं चालनार."

मग अख्खी दुपार मदिनाबी घरं सांगत बसली. कोणाचं माप केवढं, कोण उधार ठेवतं, कोण ठेवत नाही. "पाराजवळच्या घरची सून मुकी हाय. तिला रंग इचारू नगंस, टोपली पुढं ठेव. हरणाबाईचा डावा हात मोडलेला हाय, सावकाश घाल."

पाचही गावं सांगून झाली. शमशादच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"वाईट वाटतंय व्हय?" संध्याकाळी इलाहीनं विचारलं.

"न्हाई." आणि खरंच वाटत नव्हतं. गुडघे ठणकत होते, तेवढं कळत होतं.

बाजाराच्या दिवशी ती आता इलाहीच्या दुकानापुढं तुपाचा डबा पालथा घालून त्यावर बसते. बायकांना वाकून हात पुढं करावा लागतो. काहींना ते अवघड जातं, त्या दुसरीकडे जातात. येतील तेवढ्यांना ती भरते. एका बाजारी हरणाबाई आली, वाकून बांगड्या भरून घेतल्या, पायाला हात लावला.

"गावात कवा येनार, चाची?"

"शमशाद येती की."

"ती येती. पर तुमी?"

"मी न्हाई आता," मदिनाबी म्हणाली, आणि हरणाबाईच्या मागं उभ्या असलेल्या बाईचा हात तिनं हातात घेतला.