तिकिटात न्याहारी

आमच्या गल्लीत दोन दारं समोरासमोर आहेत. एक रिझिकीच्या खाणावळीचं, दुसरं संग्रहालयाचं, जिथे मी तिकिटं फाडते, धूळ झटकते आणि कुणी विचारलंच तर माहितीही सांगते. मोंबासाच्या जुन्या भागात आलेला पाहुणा आधी किल्ला बघतो, मग उन्हानं दमतो, मग समुद्राकडच्या पंखेवाल्या हॉटेलात जाऊन बसतो. आमच्या गल्लीपर्यंत पोचतो तो बहुतेक रस्ता चुकलेला असतो.

रिझिकीच्या दोन्ही मुली मालिंदीला दिलेल्या. "आई, रिकाम्या बाकांची राखण किती दिवस करणार," असं म्हणत त्यांनी तिच्यासाठी एक खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. रमझानच्या आत गिऱ्हाईक वाढलं नाही तर कुलूप लावून येते, असा शब्द रिझिकी देऊन बसली होती. रमझानला दोन महिने होते. मला ते कुलूप आतापासूनच दिसत होतं, कारण सकाळी उठून बघायला माझ्यासमोर तेच एक दार आहे.

अशात आमच्या रखवालदारानं, अथमानीबाबांनी, बातमी आणली. नैरोबीच्या एका पेपराचा माणूस येतोय. मोंबासात कुठे खावं, काय बघावं, त्याची यादी करायला.

"कॅमेरा असणार गळ्यात," बाबा म्हणाले. "आणि खिशाखिशांचं जाकीट. मी असले पाहिलेत."

रिझिकीनं तीन दिवस कंबर कसली. पायरीला चुना लावला, नवे टेबलपोस धुऊन त्यांची नवी घडी मोडली, नारळाच्या रसातला मासा रोज ताजा केला आणि संध्याकाळी रोज आम्हालाच वाढला. आम्ही कुरकुर केली नाही.

गुरुवारी सकाळी मी संग्रहालयाच्या अंगणात माझी न्याहारी उघडून बसले होते. नारळाच्या दुधातली तूर आणि महाम्री, म्हणजे वेलची घातलेल्या आमच्या फुगीर गोड पुऱ्या. तेवढ्यात एक मुलगी आत आली. धुळीचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. माझ्या तोंडात घास होता. मी तशीच म्हणाले, "कारिबू. ये, खायला बस."

आता हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. टपालवाल्याला म्हणतो, वीज तोडायला आलेल्याला म्हणतो. समोरच्यानं छातीला हात लावून "चालू द्या, आत्ताच खाऊन आलो" म्हणायचं, मग त्याच्या पोटात कावळे का ओरडत असेनात. किनाऱ्यावरचं लहान पोरही हे शिकून मोठं होतं.

ही मुलगी बसली.

चांगली मांडी घालून बसली आणि चार महाम्री खाल्ली. मी दोन खाते, त्या दिवशी चार जास्तीची आणली होती ती अथमानीबाबांसाठी. बाबा दारातून बघत राहिले.

"तूर रात्रभर भिजवता?" तिनं विचारलं.

"नाहीतर दाताखाली टचटच येते."

"आणि नारळाचं दूध?"

"पातळ आधी, घट्ट शेवटी. घट्ट घातल्यावर उकळी आणायची नाही."

कुणी खाता खाता असं विचारलं की माणूस सुखावतो. मी नको तेवढं सांगितलं.

मग तिनं पाकीट काढलं. "किती झाले?"

"तिकिटाचे शंभर शिलिंग."

"आणि न्याहारीचे?"

"अन्नाचे पैसे घेतात होय, पोरी?"

ती हसली, शंभर दिले आणि दोन्ही मजले इतक्या सावकाश बघितले की मला वाटलं झोपली कुठे तरी. जाताना समोरच्या दारातून रिझिकीनं हाक मारली, "ये गं, मासा खाऊन जा."

"पोट अगदी भरलंय हो, आई."

रिझिकीनं तिला जाऊ दिलं आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावले. कॅमेरावाला अजून यायचा होता ना.

रविवारी ओट्यावर बसून अथमानीबाबांनी पेपर मोठ्यानं वाचला. 'काय बघावं' मध्ये आमचं संग्रहालय नव्हतं. ते 'कुठे खावं' मध्ये होतं, अगदी पहिलं. शंभर शिलिंगांच्या तिकिटात घरच्या चवीची न्याहारी, वर दोन मजले जुनी भांडीकुंडी बघायला मिळतात, असं लिहिलं होतं. खाली नाव न्योकाबी. रिझिकीच्या खाणावळीचा पत्ताच नव्हता.

रिझिकी उठली. "मुबारक," म्हणाली, आणि आत जाऊन दाराची एक फळी लावून घेतली.

मी त्या ओळी चार वेळा वाचल्या. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन वेळा बरंच वाटलं. तिसऱ्यांदा ती लावलेली फळी दिसली.

अभिप्रायाच्या वहीत त्या मुलीनं हेच नाव आणि नंबर लिहिला होता. मी फोन लावला.

"अगं, ते हॉटेल नाही. ती माझी न्याहारी होती."

"पण तुम्ही बस म्हणालात."

"आम्ही मांजरालाही म्हणतो."

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"खाऊन आले, म्हणायचं."

"पण मी खाऊन आले नव्हते."

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापते, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली. मीच तिची समजूत घातली.

सोमवारी साडेनऊला दारात अकरा माणसं उभी होती. त्यातली दोघं तान्ह्या बाळांसकट. त्याच वेळी आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष वर्षातून एकदा येतात, तेही पाऊस नसला तर.

"म्वानाखेरी, कमाल केलीस तू. अंगणात टेबलं टाकू या. तू रांध, तिकिटांना मी दुसरी बाई देतो."

अंगणात आठ टेबलं मावतात. ती मी मनात मांडलीही, दोन आंब्याच्या सावलीत. मग म्हणाले, "विचार करून सांगते, साहेब." अकरा जणांना आधी वरच्या मजल्यावर पाठवलं आणि गल्ली ओलांडली.

रिझिकी तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"अकरा माणसं आलीत," मी म्हणाले.

"मग रांध. पेपरात तू आहेस."

"माझ्याकडे एक डबा आहे."

"तीन दिवस चुना लावला मी त्या पायरीला."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे म्हणे. मी पोरीला मासा विचारते, आणि तिच्या पोटात तुझी तूर. तुझी! महाम्रीत वेलची घालताना जी हात आखडता घेते तिची."

"तोंडात घास होता गं. सवयीनं निघून गेलं."

तिनं एक खडा काढून दूर फेकला. "अध्यक्षांचा फोन आला असेल."

गल्लीत गुपित राहत नाही. "आला. टेबलं टाकू म्हणतात."

"मग?"

"सांगते त्यांना नाही म्हणून."

"सांगितलंस?"

"सांगेन."

"आत्ता सांग. मला ऐकू येईल असं."

मी तिच्यासमोर उभी राहून फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, नाव झालंय तर वेडेपणा करू नकोस. मी म्हणाले, "साहेब, मला दोघांपुरतं रांधता येतं. पन्नास माणसांचं जिला येतं ती समोर बसलीय, आणि मी पाहुण्यांना तिकडेच पाठवणार." ते रागावले. माझी नोकरी जाईल असं नाही म्हणाले, पण यंदा पावसातही येऊन बघेन म्हणाले.

रिझिकीनं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचावा तसा अंगावरचा कांगा कमरेला घट्ट बांधला. मी अकरा जणांना गल्ली ओलांडून आणलं. तूर रोजच शिजलेली असायची तिच्याकडे, खाणारं कुणी नसायचं इतकंच. कमी पडली तिथे मासा वाढला. एका टोपीवाल्यानं विचारलं, "हे तिकिटातच ना?"

"तिकिटात भांडी बघितलीस ना बाबा," रिझिकी म्हणाली. "भांड्यातलं इथे वेगळं मिळतं."

टोपीवाला हसला आणि त्यानं दुसऱ्यांदा मासा मागितला.

दुरुस्ती पुढच्या रविवारी आली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. ती कुणी वाचली नाही. माणसं अजून आधी माझ्याकडेच येतात, मी त्यांना दोन्ही मजले दाखवल्याशिवाय समोर सोडत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी रिझिकी फोनवर मालिंदीशी बोलत होती. "खोलीत मुलांना झोपव," म्हणत होती, "रंग चांगला आहे तर वाया कशाला घालवतेस." फोन ठेवून ती परात घेऊन दारात आली.

"उद्या किती येतील?"

"मला काय ठाऊक. हॉटेल तुझं."

"माणसं तुझ्याकडून येतात. अंदाज सांग, मला तूर भिजत घालायचीय."

"वीस धर."

तिनं वीस जणांची तूर घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या अन् बाबांच्या नावाच्या आणखी दोन मुठी टाकल्या.