खालचा माणूस

तिनं फाइल टेबलावर ठेवली आणि कोपरे सरळ केले. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. कारकून बाई एकेक कागद उलटू लागल्या. व्यवसायाची नोंदणी, अपघाताचा विमा, करवतीची आणि कंबरपट्ट्याची तपासणी, झाडावर चढण्याच्या परीक्षेचा दाखला. तारा जवळ असतील तर वीज कुणाकडून बंद करून घ्यायची, कुठली फांदी परवानगीशिवाय तोडायची नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "फक्त खालचा माणूस राहिला."

वर चढलेल्याचा दोर झाडाखाली उभा राहून सांभाळतो, तो खालचा माणूस. त्याच्याशिवाय झाडं छाटायचा परवाना नाही, आणि नियम कडक झाल्यापासून परवान्याशिवाय लोक तिला फाटकातूनच परत पाठवत होते.

"हे काय, माझे मामा. यांनीच तर मला शिकवलं."

"खालचाच आहे मी, बाई," मामा म्हणाले. "वरचा बोलावेल तेव्हा वर जाईन."

बाई हसल्या. "मग शेजारच्या खोलीत डोळे तपासून या. आजच होऊन जाईल."

"आजच?" मामांचं हसू ओठांवरच राहिलं. "चष्मा घरी राहिला की."

"तुम्ही चष्मा कधी लावलात, मामा?"

मामांनी नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या मागून चालू लागले.

बाप गेल्यावर याच हातानं तिला कामाला लावलं होतं. मामांची रीतच निराळी. झाडाला हात लावण्याआधी ते तिला भोवती एक फेरी मारायला लावत आणि विचारत, "सांग बघू खारुताई, काय दिसतंय?" वाळकी फांदी, भेग, मुंग्यांची वाट, ती सगळं मोठ्यानं सांगायची. आणि वर गेल्यावर गप्प बसायचं नाही, देवाचं गात राहायचं. ती शेंड्यावरून ओळ म्हणायची, खालून मामा पालुपद धरायचे. लोक कौतुकानं थांबत. एकदा तिच्या पायाखालची फांदी कडाडली, तेव्हा तिच्या तोंडून किंकाळी फुटण्याआधीच दोर आवळला गेला होता. तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगायची, आमच्या मामांची नजर घारीची!

तपासणीच्या खोलीत क्रेन चालवणारा एक दांडगा माणूस आधीच बसला होता. एका डोळ्यावर तळहात धरून तो मोठ्यानं वाचत होता, "ग, म, ट, र, ल..." नर्सबाईंनी त्याला मोकळं केलं, भिंतीवरची पाटी उलटी करून दुसऱ्या बाजूनं टांगली आणि मामांना बसवलं.

"वरच्या ओळीपासून म्हणा, काका."

मामांनी डोळा झाकला. घसा साफ केला. "ग," ते म्हणाले. मग एका दमात, "म, ट, र, ल."

पाटीवर सगळ्यात वर पंजाएवढा "ब" होता.

मामा थट्टा करताहेत असं वाटून ती हसली. एवढ्यानं तिचं समाधान झालं असतं, पण मामा हसले नाहीत. ते पाटीकडे बघत होते, अगदी शहाण्या मुलासारखे, शाबासकीची वाट पाहत.

नर्सबाईंची छडी हवेतच राहिली. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "पाटी मी उलटी केलीय. पाठ करून येतात लोक, म्हणून."

मामांचा हात डोळ्यावरून खाली आला.

तिच्या तळपायांना मुंग्या आल्या. खाली घट्ट फरशी होती, तरी तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. ती फेरी. ते गाणं. खांद्यावरचा तो हात. एकेक फांदी कडाडत होती, आणि या वेळी दोर कुणी आवळत नव्हतं.

"मामा," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी वर होते."

"होतीस."

"आणि तुम्हाला..."

"उजेड कळतो. समोर कुणी उभं आहे, एवढं कळतं. वरचं काही नाही." मामा मांडीवर तळहात घासू लागले. दोर धरून धरून त्यावर घट्टे पडले होते. "तू गायचीस ना. कुठल्या फांदीवर आहेस ते आवाजावरून कळायचं. बाकीचं दोर सांगायचा. म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू..."

"मी पडले असते, मामा."

"हो," मामा म्हणाले.

नर्सबाईंनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "काका, काय लिहू?"

"दिसत नाही, असं लिहा. खरं तेच लिहा." मामा तिच्याकडे वळले, पण जरा चुकून, ती होती त्याच्या थोडं डावीकडे. "खालच्या माणसाच्या जागी जावईबापूंचं नाव घाल. लाकडं भरायला येतोच तो. हात घट्ट आहे त्याचा. बोलतो फार, पण दोर धरल्यावर गप्प कसं राहायचं, ते मी शिकवीन."

कारकून बाईंच्या टेबलाशी येऊन तिनं नवऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. शेजारी उभे असलेले मामा पेनाची कुरकुर थांबेपर्यंत मान खाली घालून होते.

"त्यांना डोळे तपासायला घेऊन या," बाई म्हणाल्या, "म्हणजे झालं."

बाहेर व्हरांड्यात माणसांची ये-जा होती. मामांचा हात सवयीनं तिच्या खांद्याकडे उचलला गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी तो खिशात घातला.

तिनं ते पाहिलं. खांदा पुढे करणं तिच्यानं झालं नाही. फाइल छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. एक शिपाई चहा घेऊन गेला, कुणीतरी धक्का देऊन गेलं. मामा भिंतीला लागून उभे होते.

मग ती अर्धं पाऊल पुढे झाली आणि हलक्या आवाजात गुणगुणू लागली. पहिल्या ओळीत सूर फाटला. तिनं तो पुन्हा धरला.

मागून पालुपद आलं नाही. पावलं मात्र आली.

पायऱ्यांपाशी ती थांबली आणि सूर जरा लांबवला. मामाही थांबले. त्यांनी पाय पुढे केला, चाचपला, आणि पहिल्या पायरीवर अलगद टेकवला.