लिमयांकडे आलेली लादी

श्रीपाद लिमये, म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे अण्णा, वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर समोरचा काटा मारतोय असं गृहीत धरून जगल्यामुळे त्यांना सहसा कुणी फसवलं नव्हतं. आणि सहसा कुणी भेटायलाही येत नसे.

त्यांच्या पत्नी सरोजवहिनींचं मात्र उलट होतं. गुढीपाडव्याचं श्रीखंड ठाण्यातला निम्मा नौपाडा त्यांच्याकडून नेत असे. अठ्ठ्याण्णव साली पाडवा दोन दिवसांवर आला, घरात चक्का टांगलेला, आणि संध्याकाळी फ्रिज गार करायचा थांबला. मार्चच्या उकाड्यात चक्का आंबट व्हायला एक दुपार पुरते. एकदा आंबट श्रीखंड गेलं की पुढच्या पाडव्याला नौपाडा दुसरं घर शोधतो, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

दिवा गावाहून विश्राम मेकॅनिक आला. बघून म्हणाला, "गॅस गेलाय. पाइप झाळतो आणि भरून देतो."

"कुठला गॅस?" अण्णांनी विचारलं.

"फ्रिजमध्ये भरतात तो."

अण्णांनी पेपरात ओझोनवरचा लेख वाचला होता. त्या वर्षी कंपन्या नव्या फ्रिजवर हिरवी पानं चिकटवून विकू लागल्या होत्या. जुना गॅस टप्प्याटप्प्याने बंद होणार, एवढं अण्णांना पुरेसं होतं. शिवाय विश्रामच्या सिलिंडरवर नवा रंग मारलेला होता, आणि नवा रंग दिसला की खाली काय आहे हे विचारायचं, ही नोकरीतली सवय.

"जुना गॅस बंद झालाय. मी सरकारी पेन्शनर आहे. नवा भरा."

"नवा तुमच्या कॉम्प्रेसरला चालत नाही, अण्णा. तेलच वेगळं लागतं. महिन्यात बसेल."

"म्हणजे कायदा पाळला तर फ्रिज बसणार."

"जुन्या फ्रिजला जुना चालतो कायद्याने."

"असं कोण म्हणतं?"

"आमचा दुकानदार."

"ज्याच्याकडे जुना गॅस पडून आहे, तो."

विश्रामने थोडा विचार केला. "मग हल्ली शेगडीचा गॅसपण भरतात. दिव्यात तीन-चार घरांत भरलाय मी."

"ती घरं आहेत ना अजून?"

"काल तरी होती."

अण्णांनी त्याला दार दाखवलं. वहिनींनी चक्क्याकडे बघितलं आणि जिना चढून आमच्याकडे आल्या.

आमच्या घरी मासे चालतात. चेंदणी कोळीवाड्यातली मंजुळा एक दिवसाआड आमच्या दारात टोपली उतरवते. लिमयांच्या दारावरून जाताना ती टोपली दुसऱ्या बगलेला घेते, इतका त्यांचा जुना समजूतदारपणा. वहिनींनी तिच्याशी पहिल्यांदाच बोलणं काढलं, ते बर्फासाठी.

"कोरी लादी हवी गं. मासळीला न लागलेली."

मंजुळाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अक्खी लादी? कोन गेला काय, बाय?"

"काहीतरीच काय. श्रीखंडाला हवीय."

"बरा," मंजुळा म्हणाली, पण तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

अण्णांनी अर्थात चौकशी केली. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो आणि ओझोनला त्याचं काही देणंघेणं नाही, असं कळल्यावर त्यांनी परवानगी दिली. नौपाड्यात कायदेशीर थंडावा फक्त कोळणीकडे मिळतो, हे त्यांना खटकलं. पण नियम तो नियम.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी हातगाडीवरून, गोणपाटात गुंडाळलेली लादी लिमयांच्या दारात उतरली. सोबत मूठभर भुसा. रस्त्याने सगळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी फोन वाजू लागला. कारखानीस बाईंच्या घरी यंदा अचानक कुणी गोड खात नव्हतं. दुसऱ्या बाईंचे पाहुणेच रद्द झाले. तिसऱ्या नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही आता काळजी घ्या हं, सरोजताई," आणि फोन ठेवला.

"विश्रामने पसरवलं असणार," अण्णा म्हणाले. "मासळीचा बर्फ म्हणून."

"त्याला काय माहीत बर्फाचं?"

"तेच तर संशयास्पद आहे."

तेवढ्यात डोंबिवलीहून वहिनींचे भाऊ आले. पांढरा शर्ट, हातात काही नाही. दार अण्णांनीच उघडलं. भाऊ दोन पायऱ्या मागे सरकले. मग बराच वेळ अण्णांकडे बघून हळूच म्हणाले, "मग कोण?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. हेमा, लिमयांची मुलगी, अमेरिकेत. ती येईपर्यंत अण्णांना बर्फावर ठेवलंय, असं नौपाड्याने ठरवून टाकलं होतं. सुतकाच्या घरचं श्रीखंड कोण नेणार?

वहिनींनी कपाळाला हात लावला नाही. त्यांनी पातेली मोजली, श्रीखंड चाखलं. गोड होतं, अगदी बेताचं.

"उद्या सकाळी तुम्ही व्हरांड्यात बसायचं," त्या अण्णांना म्हणाल्या. "धुतलेला सदरा घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं."

"काय बोलायचं?"

"काहीही. भांडलात तरी चालेल. लोकांची खात्री पटायला हवी."

अण्णा बसले. रस्त्यावरच्या भाजीवाल्याच्या वजनांवरून त्यांनी असा काही वाद घातला, की तासाभरात नौपाड्याला त्यांच्या जिवंतपणाबद्दल शंका उरली नाही. एकेक बाई लाजत डबा घेऊन आली. दुपारपर्यंत पातेली रिकामी झाली.

कारखानीस बाई सर्वांत शेवटी आल्या. डबा हातात घेतला, आतल्या खोलीकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि वहिनींच्या कानाशी लागल्या. "माझ्याशी तरी खरं बोला. कोण गेलं?"

"फ्रिज गेला हो."

बाईंनी समजुतीने मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतं. श्रीखंड फार छान झालं होतं, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण घरी गेल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच डबा उघडला, असं त्यांच्या सुनेकडून कळलं.